सॉफ्ट मॅटर आणि जैवभौतिकीत संशोधक कसे व्हावे : नाशिकच्या बीएस्सी विद्यार्थ्यांसाठी

नाशिक, सिन्नर, निफाड किंवा मालेगावच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी करणाऱ्या विद्यार्थ्याला पुढचा विचार विचारला, तर उत्तरात बहुधा खगोलशास्त्र येते, अणुऊर्जा येते, नाहीतर बीएड येते. दूध, रक्त, रंग, जेल, पेशीचे आवरण आणि डीएनएचा धागा यांचा अभ्यास करणारी भौतिकशास्त्राची एक मोठी शाखा आहे आणि तिच्यात आयुष्यभर संशोधन करता येते, हे फार थोड्यांच्या कानावर आलेले असते. हा लेख त्या शाखेकडे, म्हणजे सॉफ्ट मॅटर (मऊ पदार्थांचे भौतिकशास्त्र) आणि जैवभौतिकीकडे, वळू पाहणाऱ्यांसाठी आहे. या वाटेवर प्रवेशपरीक्षा अटळ आहेत आणि त्यांची माहिती पुढे येईलच. परंतु एखादी साधी राशी स्वतः मोजावी आणि तिच्यातली चूक कोठून आली याचा छडा लावावा, या सवयीतूनच संशोधक घडतो, असे माझे ठाम मत आहे. ही सवय लावून घेण्यासाठी नाशिक सोडावे लागत नाही.

विषय नेमका कोणता

नेहमीच्या तापमानाला औष्णिक ऊर्जा, म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले निरपेक्ष तापमान, पिकोन्यूटन आणि नॅनोमीटर या एककांत मांडली तर सुमारे ४ येते. हा आकडा या क्षेत्रात काम करणाऱ्याच्या जिभेवर असावा लागतो, कारण जवळजवळ प्रत्येक गोष्टीची तुलना त्याच्याशी करावी लागते. पेशीत माल वाहून नेणारे कायनेसिन हे प्रथिन ८ नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकते आणि साधारण ६ पिकोन्यूटनचा विरोध झाला की थांबते. म्हणजे त्याच्या एका पावलाचे काम औष्णिक ऊर्जेच्या फार तर बारापट भरते. इतक्या थोड्या फरकाने काम करणाऱ्या यंत्राला भोवतालच्या रेणूंचे धक्के सतत बसत असतात, तरीही ते सहसा दिशा चुकत नाही. असे का, हा जैवभौतिकीचा प्रश्न आहे.

सॉफ्ट मॅटरचा मूळ मुद्दाही याच आकड्यात आहे. पोलादाचा यंग गुणांक, म्हणजे ताठरपणाचे माप, सुमारे २०० गिगापास्कल असतो, कारण तेथे अणू एकमेकांना नॅनोमीटरच्या अंशाएवढ्या अंतरावर घट्ट धरून असतात. ज्या जेलच्या जाळीतली छिद्रे १० नॅनोमीटरची आहेत, तिच्यासाठी औष्णिक ऊर्जेला त्या छिद्राच्या घनफळाने भागले तर उत्तर चार हजार पास्कलच्या आसपास येते, आणि बोटाने दाबल्यावर जेल तितकीच नरम लागते. एका ओळीच्या गणिताने पदार्थाचा मऊपणा कळावा, ही या विषयाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

फ्रान्सच्या पिएर-जिल द जेन यांना द्रवस्फटिक (वाहणारे, पण रेणूंची मांडणी शिस्तीत ठेवणारे पदार्थ) आणि पॉलिमर (रेणूंच्या लांब साखळ्या) यांवरील कामासाठी १९९१ साली नोबेल मिळाले आणि या शाखेला मानाचे स्थान मिळाले. भारतातली परंपरा त्याहून जुनी आहे. जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रासमध्ये सहकाऱ्यांसह प्रथिनांच्या साखळीला कोणत्या कोनांत वळता येते याचा जो आलेख १९६३ मध्ये प्रसिद्ध केला, तो आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. तर बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंपासून बनणारे द्रवस्फटिक प्रथमच दाखवून दिले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमर आणि जटिल द्रव यांवर कित्येक दशके काम चालले आहे. त्या प्रयोगशाळेचे संचालकपद भूषवलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे स्वतःचे संशोधनही याच क्षेत्रातले होते.

आपल्या भागातली उदाहरणे शोधायलाही दूर जावे लागत नाही. बेदाण्यासाठी द्राक्षे सुकवण्यापूर्वी ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल, म्हणजे मुख्यतः इथाइल ओलिएट, यांच्या पाण्यातल्या दुधाळ मिश्रणात काही मिनिटे बुडवतात. द्राक्षाच्या सालीवर मेणाच्या सूक्ष्म पापुद्र्यांचा थर असतो आणि तो पाण्याला बाहेर पडू देत नाही. या मिश्रणामुळे त्या पापुद्र्यांची रचना बदलते, पाण्याला वाट मिळते आणि सुकण्याचा काळ बराच कमी होतो. तेलाचे थेंब पाण्यात किती बारीक राहतात, ते किती वेळ टिकतात आणि मेणावर कसे पसरतात, हे सगळे इमल्शन आणि पृष्ठताण यांचे प्रश्न आहेत. दुसरे उदाहरण सिकलसेल आजाराचे आहे, जो राज्याच्या आदिवासी भागात आढळतो. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत एकच अमिनो आम्ल बदललेले असते, पण ऑक्सिजन कमी झाला की त्या बदलामुळे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतात, एरवी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही वाकून निघणारी तांबडी पेशी ताठर होते आणि रक्तप्रवाह अडतो. रेणूतल्या बदलापासून पेशीच्या ताठरपणापर्यंतचा हा प्रवास समजून घेण्यासाठी भौतिकशास्त्र लागते.

पदवीच्या वर्षांत काय शिकावे

जीवशास्त्राची ओढ वाटली म्हणून भौतिकशास्त्र सोडून बायोटेक्नॉलॉजीकडे वळण्याची घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. जीवशास्त्र नंतर शिकता येते, आणि पीएचडीत ते शिकावेच लागते. पण स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सचा, म्हणजे असंख्य कणांच्या एकत्रित वागण्याच्या गणिताचा, पाया तिशीत नव्याने घालणे फार कठीण जाते. अभ्यासक्रमात हा विषय टीवायला किंवा एमएस्सीला येतो आणि अनेकदा आदर्श वायूच्या पुढे फारसा सरकत नाही. त्याची तयारी एसवायपासूनच सुरू करावी. विभाजन फलन (पार्टिशन फंक्शन) म्हणजे काय, ऊर्जा आणि एन्ट्रॉपी यांच्या ओढाताणीतून अवस्था कशी ठरते, आणि चढउताराचे प्रमाण काय सांगते, या तीन गोष्टी उदाहरणे सोडवून पक्क्या कराव्यात.

विद्युतचुंबकीत खाऱ्या पाण्याचा विचार करायला शिकावे. आपल्या शरीरातल्या द्रवात जितके क्षार असतात, तितक्यात दोन विद्युतभारांना एकमेकांची जाणीव एका नॅनोमीटरच्या आतच होते, त्यापलीकडे क्षारांचे आयन ती झाकून टाकतात. द्रवगतिकी बहुतेक महाविद्यालयांत शिकवली जात नाही. ती स्वतः वाचावी लागते. पाण्यात पोहणाऱ्या जिवाणूसाठी रेनॉल्ड्स संख्या, म्हणजे जडत्व आणि द्रवाचा चिकटपणा यांच्या परिणामांचे गुणोत्तर, एकाच्या लाखाव्या भागाच्या आसपास असते, म्हणजे जडत्व जवळजवळ नसतेच. त्याने शेपूट हलवणे थांबवले, तर तो एका अणूच्या जाडीइतकाही पुढे घसरत नाही. माशाच्या पोहण्याचे नियम तेथे लागू पडत नाहीत, आणि हे समीकरणातून स्वतः काढून पाहिल्याशिवाय पटत नाही.

संगणकाची गोष्ट थोडक्यात आटोपते : पायथन शिकावी, आलेख काढता यावेत, यादृच्छिक चालीचे (रँडम वॉकचे) अनुकरण स्वतः लिहिता यावे. लॅम्प्स किंवा ग्रोमॅक्स यांसारखी रेणूंच्या हालचालींचे अनुकरण करणारी तयार सॉफ्टवेअर एमएस्सीत शिकली तरी उशीर होत नाही. बंगळुरूच्या आयसीटीएस या संस्थेची सांख्यिकी भौतिकीवरील व्याख्याने यूट्यूबवर मोफत उपलब्ध आहेत आणि ती कोणत्याही महागड्या क्लासपेक्षा सरस आहेत. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी शोधनिबंधांना बिचकू नये. एक निबंध आठवडाभर घ्यावा, प्रथम फक्त आकृत्या आणि त्यांखालचा मजकूर वाचावा आणि मग तो मित्राला मराठीत समजावून सांगावा. जेथे सांगताना अडखळतो, तेथेच आपले समजणे अडलेले असते.

एक प्रयोग, निगुतीने

आता ज्या गोष्टीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, तिच्याकडे वळतो. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये परागातल्या कणांची अखंड थरथर सूक्ष्मदर्शकातून पाहिली, आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये तिचे गणित मांडले आणि झाँ पेरँ यांनी राळेच्या कणांवर मोजमाप करून अणूंचे अस्तित्व निर्विवाद केले, ज्यासाठी त्यांना १९२६ चे नोबेल मिळाले. हे मोजमाप आज महाविद्यालयातला सूक्ष्मदर्शक, मोबाइल आणि पिशवीतले दूध एवढ्यावर करता येते.

दुधाचा एक थेंब सुमारे शंभरपट पाण्यात मिसळावा. काचपट्टीवर दुहेरी चिकटपट्टीच्या दोन बारीक पट्ट्या लावून त्यांच्यामध्ये हे पाणी भरावे, वरून कव्हरस्लिप ठेवावी आणि सगळ्या कडा व्हॅसलिनने बंद कराव्यात. कडा उघड्या राहिल्या तर पाणी वाळते आणि सगळे कण एका दिशेला वाहू लागतात. ४०एक्सच्या भिंगाखाली थराच्या मध्यावर फोकस करावा. काचेला लागून असलेले कण सावकाश हलतात, कारण भिंत त्यांच्याभोवतालच्या पाण्याला धरून ठेवते. हे कण म्हणजे दुधातले स्निग्धाचे गोल; ते पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे हळूहळू वर सरकतात, म्हणून चित्रण दहा-पंधरा मिनिटांत उरकावे.

चित्रणाआधी, मोबाइलचा झूम न बदलता, स्टेज मायक्रोमीटरचा एक फोटो घ्यावा. त्यावरील एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेले असतात, म्हणजे दोन रेघांमध्ये १० मायक्रोमीटर. त्यावरून एका पिक्सेलचे अंतर निघते. मोबाइलच्या चित्रणात चौकटींमधला वेळ नेहमी समान नसतो, ही बाब पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आधी चालते स्टॉपवॉच चित्रित करून सेकंदाला खरोखर किती चौकटी मिळतात ते तपासावे. नंतर फिजी या मोफत सॉफ्टवेअरमधल्या ट्रॅकमेट या साधनाने कणांचे मार्ग काढावेत आणि प्रत्येक कालावधीसाठी विस्थापनाच्या वर्गाची सरासरी काढून ती कालावधीसमोर मांडावी. प्रतलात ही सरासरी विसरण गुणांकाच्या, म्हणजे कण किती झपाट्याने पसरतो याच्या मापाच्या, चौपट गुणिले कालावधी इतकी असायला हवी.

२५ अंश तापमानाच्या पाण्यात १ मायक्रोमीटर व्यासाच्या गोलाचा विसरण गुणांक सेकंदाला सुमारे ०.४९ चौरस मायक्रोमीटर येतो, म्हणजे एका सेकंदात तो कण साधारण १.४ मायक्रोमीटर भटकतो. तुमचे उत्तर यापेक्षा वेगळे येईल, आणि खरे शिक्षण तेथून सुरू होते. आलेख सरळ न राहता वर वळत असेल, तर द्रव वाहत आहे. सगळ्या कणांचे सरासरी विस्थापन वजा करून पाहावे. आलेखाची रेषा शून्य कालावधीला शून्यातून न जाता थोडी वरून निघत असेल, तर कणाचे स्थान ठरवण्यातली चूक तेथे दिसत आहे. शिवाय दुधातले गोल एका मापाचे नसतात, आणि ४०एक्सच्या भिंगाची स्पष्टता अर्ध्या मायक्रोमीटरच्या जवळपास संपत असल्यामुळे त्यांचा व्यास डोळ्यांनी नीट मोजता येत नाही. त्यांच्या केंद्राचे स्थान मात्र त्याहून बारकाईने ठरवता येते, कारण ते अनेक पिक्सेलांच्या सरासरीतून निघते. हा फरक ज्याला स्वतःच्या आकड्यांतून उमगला, त्याची सूक्ष्मदर्शनाची एक पायरी चढून झाली. दुधावर हात बसला की विभागातर्फे ठरावीक व्यासाचे पॉलिस्टायरीनचे कण मागवावेत आणि उलटे जाऊन बोल्ट्झमन स्थिरांक काढावा.

तापमानाची नोंद हमखास राहून जाते. निफाडला थंडीत पारा घसरतो, तेव्हा १० अंशांच्या पाण्यात प्रयोग केला आणि तोच एप्रिलच्या दुपारी ४० अंशांना केला, तर विसरण गुणांक दुपटीहून अधिक झालेला दिसेल. निरपेक्ष तापमान यात दहा टक्क्यांनीच वाढते. उरलेला सगळा बदल पाण्याची व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) निम्मी झाल्यामुळे होतो. हिवाळा आणि उन्हाळा अशी दोन मोजमापे जवळ असलेला विद्यार्थी कोणत्याही मुलाखतीत दहा मिनिटे आत्मविश्वासाने बोलू शकतो. पुणे रस्त्यावर नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात, २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त विद्यार्थ्यांच्या प्रयोगांचे प्रदर्शन भरते. असे काम तेथे मांडण्याचाही प्रयत्न करावा.

या सगळ्याची नोंद प्रॅक्टिकलच्या जर्नलपेक्षा वेगळ्या वहीत ठेवावी. जर्नलमध्ये आपण सुबक आणि अपेक्षित ते लिहितो. या वहीत तारीख, तापमान, कोणते दूध, कोणते भिंग, काय बिघडले, हे जसेच्या तसे लिहावे आणि न जुळणारा आकडा कधीही खोडू नये.

परीक्षा आणि प्रवेश

टीवायच्या वर्षी फेब्रुवारीत होणारी जॅम ही सर्वांत महत्त्वाची परीक्षा आहे. तिच्या गुणांवर आयआयटींमध्ये एमएस्सीला प्रवेश मिळतो आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था तसेच पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) येथील इंटिग्रेटेड पीएचडीचा, म्हणजे एमएस्सी आणि पीएचडी एकत्र करण्याचा, मार्गही त्यातून खुला होतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात एमएस्सी करणे हाही उत्तम पर्याय आहे, आणि घरची परिस्थिती नाशिक सोडू देत नसेल तर येथेच एमएस्सी करून पुढे पीएचडीला बाहेर पडणारे विद्यार्थीही असतात. त्यांना प्रयोगशाळेचा अनुभव उन्हाळी प्रकल्पांतून मिळवावा लागतो, इतकाच फरक.

पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट, गेट, जेस्ट आणि टीआयएफआरची (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) स्वतःची परीक्षा, या चार नावांची नोंद ठेवावी. नेटमधून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर सिनियर फेलो म्हणून ४२,००० रुपये, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो. हा आकडा घरी आवर्जून सांगावा. द्राक्षबागेवर किंवा एका पगारावर चालणाऱ्या घरात मुलगा वा मुलगी अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत शिकत राहणार ही कल्पना धास्ती वाटायला लावते, आणि आईवडिलांची ती काळजी रास्त आहे. पीएचडी करणाऱ्याचा भार घरावर पडत नाही, हे त्यांना एकदा स्वच्छ समजले की बोलणे सोपे होते.

परीक्षेची तयारी म्हणजे घोकंपट्टी असा समज असेल तर तो सोडून द्यावा. भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघटनेची पदवी पातळीवरची राष्ट्रीय परीक्षा एफवायपासूनच देत राहावी. तिच्यातले प्रश्न विचार करायला लावतात आणि जॅमची तयारी आपोआप होत जाते.

उन्हाळा आणि एक पत्र

देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दर उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीस भरावे लागतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीतच कागदपत्रे आणि शिक्षकांचे शिफारसपत्र तयार ठेवावे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा कार्यक्रम पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठीच आहे. या दोन्हींत निवड झाली नाही, तरी प्राध्यापकांना थेट ईमेल लिहून प्रकल्प मिळू शकतो.

या ईमेलवर नाशिकची मुले फार वेळ घालवतात आणि तरीही ती चुकीची लिहितात. ‘आपल्या थोर मार्गदर्शनाखाली कोणत्याही विषयावर काम करण्याची संधी द्यावी’ असा मजकूर पन्नास जणांना पाठवला, तर बहुतेकांकडून उत्तर येत नाही. त्याऐवजी तिघांनाच लिहावे, पण प्रत्येकाचा एक अलीकडचा निबंध वाचून. पहिल्या वाक्यात आपण कोण आणि कोणत्या वर्षात आहोत ते सांगावे. दुसऱ्यात त्या निबंधातली कोणती आकृती आपल्याला समजली आणि कोठे प्रश्न पडला ते नेमके लिहावे. तिसऱ्यात स्वतः काय मोजले आहे ते सांगून दुधाच्या प्रयोगाचा एक आलेख जोडावा, त्यावर अक्षांची एकके आणि चुकीच्या मर्यादा दाखवलेल्या असाव्यात. शेवटी कोणत्या तारखेपासून किती आठवडे येऊ शकतो हे लिहून पत्र संपवावे. एवढे पत्र मोबाइलच्या एका पडद्यावर मावते आणि वाचणाऱ्याला विद्यार्थ्याची समज लगेच कळते. आठवड्याभरात उत्तर आले नाही तर एकदा नम्रपणे आठवण करावी.

गाइडची निवड

प्रवेश मिळाल्यावर संस्थेच्या नावापेक्षा गाइड आणि प्रश्न यांना जास्त वजन द्यावे. पुण्यात आयसर आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईत टीआयएफआर आणि आयआयटी, बंगळुरूत भारतीय विज्ञान संस्था, रामन संशोधन संस्था, जवाहरलाल नेहरू सेंटर आणि एनसीबीएस (राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्र), चेन्नईत गणितीय विज्ञान संस्था, अशा अनेक ठिकाणी या क्षेत्रात काम चालते. त्या सगळ्याच संस्था चांगल्या आहेत. विद्यार्थ्याची पाच-सहा वर्षे कशी जातात हे मात्र गटागटावर अवलंबून असते.

गाइडला भेटण्याआधी त्याच्या विद्यार्थ्यांना भेटावे, शक्यतो कॅन्टीनमध्ये, प्रयोगशाळेबाहेर. आधीच्या विद्यार्थ्यांना पदवी मिळायला किती वर्षे लागली, मध्येच कोणी सोडून गेले का, निबंधांवर विद्यार्थ्याचे नाव पहिले असते का, गटाची बैठक नियमित होते का आणि चुकीचा निकाल आणल्यावर गाइड काय म्हणतो, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून मी स्वतः निर्णय घेईन. ज्या गटात चूक सांगायची भीती वाटते, तेथे चुका दडवल्या जातात, आणि जैविक नमुन्यांवरच्या कामात दडवलेली चूक दोन वर्षांनी सगळे काम पाण्यात घालवते.

प्रयोग, सिद्धांत की संगणकीय अनुकरण, हा निर्णय पहिल्या सहा महिन्यांत घेतला तरी चालतो. गणितात रमणाऱ्यांनीही एखादा महिना प्रयोगशाळेत काढावा, असे मला वाटते. खरा आलेख किती विस्कळीत असतो हे पाहिल्यावर सिद्धांतात कोणत्या गोष्टी गाळता येतील याचा अंदाज बदलतो.

पीएचडीची वर्षे

जैवभौतिकीत येणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला पहिले वर्ष जड जाते, ते जैविक नमुन्यांमुळे. प्रथिन बर्फावर न ठेवता टेबलावर विसरले तर संध्याकाळपर्यंत निकामी होऊ शकते. बफरचा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) पीएच थोडा सरकला तरी प्रथिनांचे तंतू बनत नाहीत. पिपेटने दोन मायक्रोलिटर उचलण्याचे काम रोजच्या सरावानेच जमते. जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांकडून हे शिकताना आपण फक्त मोजायला आलो आहोत असा पवित्रा घेऊ नये; कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे, हे बहुतेक वेळा त्यांनाच माहीत असते.

ऑप्टिकल ट्वीझर्स हे या क्षेत्रातले एक लाडके उपकरण आहे. आर्थर ॲशकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एका लेसर झोताने सूक्ष्म कण त्रिमितीत पकडून दाखवला आणि २०१८ मध्ये ॲशकिन यांना त्यासाठी नोबेल मिळाले. पकडलेल्या कणाची थरथर मोजून त्या सापळ्याचा ताठरपणा काढतात : औष्णिक ऊर्जेला स्थानाच्या विचरणाने, म्हणजे सरासरीपासूनच्या विस्थापनाच्या वर्गाच्या सरासरीने, भागायचे. ज्याने दुधाचे कण निगुतीने मोजले आहेत, त्याला हे उपकरण परके वाटत नाही, कारण वाहणे, स्थाननिश्चितीची चूक, भिंतीचा परिणाम आणि तापमान या चारही अडचणी तेथे तशाच भेटतात.

रोज सकाळी आर्काइव्ह या मोफत संग्रहातल्या सॉफ्ट मॅटर आणि जैविक भौतिकी या दोन विभागांची शीर्षके पाहण्याची सवय ठेवावी. सगळे वाचायचे नसते. आठवड्याला एक निबंध पूर्ण वाचला तरी पुरेसे होते. देशात दरवर्षी कॉम्प्लेक्स फ्लुइड्सवर परिषद भरते, तिच्यात दुसऱ्या वर्षापासून पोस्टर घेऊन जावे. पोस्टरपाशी उभे राहून वीस अनोळखी माणसांना आपले काम समजावताना त्यातली कच्ची जागा आपल्यालाच सापडते.

पीएचडीनंतर

पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे तात्पुरते संशोधनाचे काम, साधारण दोन ते चार वर्षांचे असते आणि ते परदेशात केले जाते तसे भारतातही. त्या काळात तंत्र बदलावे; ज्याने पीएचडीत सूक्ष्मदर्शन केले, त्याने रिओलॉजी (पदार्थ कसे वाहतात आणि वाकतात याचे मोजमाप) किंवा विकिरण (स्कॅटरिंग) शिकावे. प्राध्यापकपदाच्या जागा इच्छुकांच्या मानाने फार कमी असतात, हे सत्य पहिल्या वर्षापासून ठाऊक असावे, म्हणजे दुसऱ्या वाटांची तयारी कमीपणा न मानता करता येते. औषधे, रंग, सौंदर्यप्रसाधने, खाद्यपदार्थ आणि पॉलिमर बनवणाऱ्या कंपन्यांना इमल्शन टिकवणारी, जेलचा घट्टपणा ठरवणारी आणि कणांचा आकार मोजणारी माणसे हवी असतात. पीएचडीच्या काळात एखाद्या कंपनीसोबतचा छोटा प्रकल्प मिळाला तर तो घ्यावा.

नाशिकला परतून महाविद्यालयात शिकवायचे असेल, तर नेट किंवा पुणे विद्यापीठ घेत असलेली सेट ही राज्य पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी. महाविद्यालयात राहून संशोधन होत नाही, हा समज या क्षेत्रापुरता तरी खरा नाही. कणांची थरथर पाहून द्रवाची व्हिस्कॉसिटी आणि लवचिकता काढण्याची मायक्रोरिओलॉजी ही पद्धत एका बऱ्या सूक्ष्मदर्शकावर आणि कॅमेऱ्यावर चालते. मोठी उपकरणे मागून वापरता येतात : यूजीसी-डीएई कन्सोर्शियमच्या मुंबई केंद्रामार्फत विद्यापीठीय संशोधकांना ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉन विकिरणाचे प्रयोग करता येतात, आणि इंदूरला इंडस-२ हा तीव्र क्ष-किरण देणारा सिंक्रोट्रॉन आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिकपासून एकीकडे मुंबई आहे आणि दुसरीकडे इंदूर. या दोन्ही ठिकाणी वेळ मिळवण्यासाठी जो प्रस्ताव पाठवायचा, त्यात नमुना कोणता, त्याची संहती किती, कोणत्या लांबीच्या पट्ट्यातली रचना पाहायची आहे आणि ती सूक्ष्मदर्शकाने का दिसणार नाही, या चार गोष्टी पहिल्याच पानावर असाव्यात, आणि तोच नमुना स्वतःच्या प्रयोगशाळेत आधी मोजून त्याचा आलेख सोबत जोडावा.